अंजीर-सीताफळाला शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी: जमिनीचं आणि विहिरीचं पुढे काय होतं?

सीताफळ_सासवड

नमस्कार मंडळी. आमची शेती पुरंदरच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात आहे. शेती काका बघतात, मी नोकरीमुळे पुण्यात असतो. विहीर माघापर्यंत कशीबशी टिकते, पुढे सगळी भिस्त उपसा योजनेच्या पाण्यावर. हे पाणी मुळा-मुठेतून कोरेगाव मूळजवळ उचलतात आणि शिंदवण्याचा घाट चढवून वर आणतात, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. म्हणजे पुण्यात वापरून झालेलं पाणीच आम्ही बागेला देतो.

सध्या अंजिराची जुनी बाग आहे, आता नवीन लागवड करायची आहे. दोन तुकडे मोकळे आहेत. एक ओढ्याकडेचा, काळा भारी. दुसरा उताराचा, मुरमाड. कशात काय लावावं, की लावूच नये? शेततळ्यातल्या पाण्याचा रिपोर्ट आहे : सामू ७.९, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे एकूण क्षारांचं माप) १.३, एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) ५.८. लॅबवाल्याने खाली 'सिंचनास योग्य' असा शिक्का मारून दिलाय.

काकांचं म्हणणं, "पाणी नव्हतं तेव्हा टँकरने झाडं जगवली. आता दारात पाणी आलंय तर वास कसले घेत बसता?" त्यांचंही खोटं नाही. पण दहा-पंधरा वर्षांनी जमीन कशी असेल, हे कुणीतरी आकड्यांत सांगावं. पाण्याला वास येतो, फेस येतो, एवढं आम्हालाही दिसतं, त्यामुळे कृपया त्यावर प्रतिसाद नकोत.

मुठेकाठचा

वासावर बोलत नाही, पण धाग्याच्या शीर्षकावर आक्षेप आहे. 'शुद्ध केलेलं' कोणी केलं? कोरेगाव मूळला नदीत जे वाहतं त्यात शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी आहे, नाल्यांतून थेट आलेलं आहे, पवनेवाटे पिंपरी-चिंचवडकडून आलेलं आहे आणि पावसाळ्यात धरणाचं आहे. या मिश्रणाचं प्रमाण दर महिन्याला वेगळं असतं. जायका (जपानी कर्जाच्या) प्रकल्पातली ३९६ एमएलडीची (दिवसाला दशलक्ष लिटर) ११ केंद्रं मंजूर झाली ती शहराची आधीची क्षमता पुरत नव्हती म्हणूनच.

मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीतलं पाणी उपसायची विहीर) दौंडकडच्या बेबी कालव्यात जातं त्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे निदान कागदावर करार आहे, की महापालिकेने वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला द्यायचं आणि त्या बदल्यात धरणातलं पाणी शहराला मिळायचं. दौंडकडचे लोक त्या पाण्याबद्दल काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काळी_माती

माती हा माझा आयुष्यभराचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.

मुठेकाठच्यांचा आक्षेप रास्त आहे, पण समजा उद्या सगळी केंद्रं चोख चालली. तरी सीताफळ यांचा प्रश्न तसाच राहतो. शुद्धीकरण केंद्र काय काढतं? कुजणारा सेंद्रिय भाग, गाळ, बरेचसे जंतू, आणि केंद्र आधुनिक असेल तर नायट्रोजन-फॉस्फरसही काही प्रमाणात. विरघळलेले क्षार ते काढत नाही. घरात एकदा वापरलं की पाण्यात लिटरमागे साधारण १५० ते ३८० मिलिग्रॅम क्षार वाढतात. मीठ, साबण, डिटर्जंट, लघवी, सगळ्यातून. हे सगळं नितळ, बिनवासाच्या पाण्यातही तसंच्या तसं असतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत सांडपाणी केंद्रांना सामू, बीओडी (कुजणाऱ्या घाणीचं माप), तरंगता गाळ आणि मैल्याचे जंतू एवढ्यांचीच मर्यादा आहे. क्षारांचा उल्लेखच नाही. नदीत सोडायचं असेल तर एक वेळ चालेल. शेतात सोडायला हे पुरत नाही.

आता तुमचा हिशेब. ईसी १.३ म्हणजे लिटरला ८३० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार. ठिबकवर एकरी वर्षाला २० लाख लिटर धरा. दीड टनापेक्षा जास्त क्षार दर वर्षी एका एकरात येतात. झाड पाणी पितं, क्षार मागे ठेवतं. मग ते तीनच ठिकाणी जाऊ शकतात : जमिनीत साठतील, खाली झिरपून विहिरीत जातील, नाहीतर ओढ्यावाटे परत नदीत. तुमचे दोन तुकडे म्हणजे यातले दोन वेगळे रस्ते आहेत.

मुरमाड उतारावर क्षार टिकत नाहीत. पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी बरेचसे धुऊन जातात. झाड सुखी राहतं, पण धुतलेलं सगळं खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरतं. बरोबर नायट्रेटही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उताराच्या पायथ्याशी कुणाची पिण्याची विहीर असेल तर ती आधी बघा.

काळ्या जमिनीत उलट. झिरपत नाही म्हणून विहीर बऱ्यापैकी वाचते, पण जमीन स्वतः मार खाते. तिथे एकूण क्षारांपेक्षा सोडियम महत्त्वाचा, म्हणजे एसएआर. सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटतो, कॅल्शियमला हुसकावतो, कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. तीच आपली चोपण जमीन. पुस्तकात विनिमययोग्य सोडियम (म्हणजे कणांना चिकटलेल्या क्षारकणांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण धरतात. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत पाच-सहा टक्क्यांपासूनच निचरा मंदावलेला दिसतो.

आणि यातली फसवी गोष्ट अशी, की हे उन्हाळ्यात कळत नाही. पाणी खारट असतं तोवर तेच क्षार कणांना धरून ठेवतात. जूनमध्ये पावसाचं गोडं पाणी पडलं की क्षार धुऊन जातात, सोडियम कणांवर तसाच राहतो, आणि वरचा थर लोण्यासारखा बसतो. पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळं पडतं. शेतकरी म्हणतो यंदा पाऊस लागला.

'सिंचनास योग्य' हा शिक्का कुठून येतो तेही सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'ई' वर्गात, म्हणजे सिंचनाच्या पाण्याच्या वर्गात, ईसी २.२५ पर्यंत, एसएआर २६ पर्यंत आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. एसएआर २६! त्या पाण्याने काळ्या जमिनीत फळबाग करून दाखवावी कुणीतरी.

तुमच्या रिपोर्टमध्ये बोरॉन आहे का?

सीताफळ_सासवड

बोरॉन नाही. लॅबच्या छापील फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

सर, जूनमध्ये पिवळं पडण्याबद्दल लिहिलंत ते वाचून काकांना फोन केला. ओढ्याकडेच्या जुन्या अंजिराच्या ओळींत तसं होतं, वरच्या ओळींत नाही. ते आजवर ताम्हिणीकडून येणाऱ्या वाऱ्याला दोष देत होते.

नाशिकद्राक्ष

वाऱ्याला दोष देणं आमच्याकडेही चालतं, पाहुणे. 😄

सर क्षारांवर बोलले, मी नत्रावर बोलतो. या पाण्यात फुकटचं खत असतं असं सगळे कौतुकाने सांगतात. लिटरला २० मिलिग्रॅम नत्र धरलं तर तुमच्या त्या २० लाख लिटरांत एकरी ४० किलो नत्र आलं, म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन गोण्या. चांगलंच आहे की! पण गोणी कधी फोडायची ते मी ठरवतो, पाण्यातलं नत्र पाण्याबरोबर येतं. फळ पिकायच्या वेळी नत्र नको असतं. द्राक्षाला तेव्हा नत्र गेलं तर शेंडा चालू राहतो, रंग येत नाही, घड मऊ पडतो. तुमच्या अंजिराचा मीठा बहर ऐन उन्हाळ्यात पिकतो ना? म्हणजे हे पाणी सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच.

म्हणून निदान वरखताचा हिशेब करताना पाण्यातलं नत्र वजा करा. आमच्या भागात कुणी करत नाही. पाणी वरून नत्र देतंय आणि शेतकरी खालून १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) सोडतोय. जास्तीचं सगळं शेवटी विहिरीत.

अवांतर : शेततळ्यात शेवाळ असेल तर वाळूचा फिल्टर आणि त्याच्यापुढे डिस्क फिल्टर, दोन्ही हवेत. एकट्या जाळीच्या फिल्टरवर ड्रीपर चोक होणार म्हणजे होणारच.

वृंदा_ठाणे

मी शेतकरी नाही, खाणारी आहे. अंजीर आम्ही सालासकट खातो. हे सगळं वाचून खावं की नाही ते सांगा.

काळी_माती

ताई, जंतूंचं म्हणाल तर पाणी फळाला लागतं का, यावर बरंच अवलंबून आहे. ठिबकने बुंध्याजवळ दिलेलं पाणी चार फुटांवरच्या फळाला लागत नाही. तुषार सिंचन किंवा फवारणीसाठी तेच पाणी वापरलं तर मात्र लागतं. (सीताफळ यांनी हे वाचावं. औषध फवारायला विहिरीचंच पाणी घ्या.) जमिनीवर पडलेलं फळ उचलून पेटीत घालू नये. सीताफळाची जाड साल टाकूनच देतो, तिथे धोका आणखी कमी. धुऊन खा, बिनधास्त खा.

जड धातूंची भीती लोकांना फार वाटते. नीट चाललेल्या केंद्रात ते बहुतेक गाळात बसतात. धोका कारखान्यांचं पाणी मधेच मिसळतं तिथे, आणि केंद्रातला गाळ कुणी खत म्हणून आणून टाकला तर.

बेर्शेवाकर

शालोम आणि नमस्कार. माझे आजोबा अलिबागजवळच्या गावातून इथे इस्रायलला आले. मी नेगेवमध्ये शेतीसल्ल्याच्या कामात आहे. मराठी घरात बोलतो, लिहायची सवय कमी आहे, सांभाळून घ्या.

आमच्या देशात सांडपाण्यापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी परत वापरलं जातं, बहुतेक शेतीला. तेल अवीव आणि आजूबाजूच्या शहरांचं पाणी शफदान केंद्रात शुद्ध करतात, मग वाळूच्या मोठ्या तळ्यांत सोडतात. ते वाळूतून खाली झिरपतं, कित्येक महिने भूजलात राहतं, मग विहिरींनी वर काढून 'तिसऱ्या लाइन'ने नेगेवला येतं. १९८९ पासून. वाळू हेच शेवटचं गाळण. पाणी अगदी स्वच्छ असतं.

तरी काळी माती सर म्हणतात तेच आमच्याकडे झालं. नेगेवच्या हलक्या जमिनीत निभावलं. उत्तरेकडच्या चिकणमातीत आव्होकाडो आणि संत्र्या-मोसंबीच्या बागा वर्षानुवर्षं या पाण्यावर राहिल्या तेव्हा सोडियम वाढला, मुळांपाशी हवा कमी झाली, उत्पन्न घटलं. पाणी तेच, जमीन वेगळी. मग काही बागांत झाडाच्या ओळीत चर खणून त्यात ज्वालामुखीची सच्छिद्र खडी भरून पाहिली, म्हणजे मुळांना हवा मिळेल. काही ठिकाणी गोडं पाणी मिसळतात.

बोरॉनचं सरांनी विचारलं ते अगदी बरोबर. आमच्याकडे तो कपडे धुण्याच्या पावडरीतून यायचा. म्हणून १९९९ मध्ये पावडरीतल्या बोरॉनवरच मर्यादा घातली. तो केंद्रात काढायला जाण्यापेक्षा कारखान्यात कमी करणं सोपं पडलं. आणि २०१० मध्ये सांडपाण्याचे नवे नियम आले. त्यात बिनअटीच्या सिंचनाला ईसी १.४, एसएआर ५, आणि लिटरला मिलिग्रॅममध्ये बोरॉन ०.४, सोडियम १५०, क्लोराइड २५०. तुमच्या २६ आणि २ च्या शेजारी ठेवून बघा.

वृंदाताईंसाठी एक गोष्ट. औषधांचे अंश केंद्रातून पूर्ण निघत नाहीत. कार्बामाझेपिन नावाचं फिटवरचं औषध फार चिवट आहे. हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी लोकांना काही दिवस या पाण्यावरची भाजी-फळं दिली, काही दिवस गोड्या पाण्यावरची. पहिल्या खेपेला लघवीत ते औषध वाढलेलं सापडलं. प्रमाण उपचाराच्या डोसपेक्षा फार फार कमी, त्यामुळे घाबरू नका. पण पोचतं, एवढं खरं.

वृंदा_ठाणे

घाबरू नका म्हणताय आणि मग हे सांगताय! पण मनापासून आभार, आणि तुमचं मराठी माझ्या मुलांपेक्षा शंभर पटीने बरं आहे.

सायट्रस_ऑर्लँडो

बेर्शेवाकरांना दुजोरा. आमच्या ऑर्लँडोजवळ १९८६ पासून शहराचं शुद्ध पाणी संत्र्याच्या बागांना देतात, प्रकल्पाचं नाव वॉटर कॉन्सर्व्ह टू. सुरुवातीला बागायतदार हात लावायला तयार नव्हते. तिथल्या संशोधकांनी वर्षाला अडीच हजार मिलिमीटरपर्यंत पाणी देऊन पाहिलं. झाडं उलट जोमाने वाढली, फळ जास्त आलं, फक्त रसातली गोडी थोडी पातळ झाली आणि तण माजलं. कारण खाली निव्वळ वाळू. वाळूतून वाचलेलं सगळं भूजलात जातं, म्हणून पाणी आधीच कडक मर्यादेपर्यंत स्वच्छ करावं लागतं. पुढे आमच्या बागा गेल्या त्या ग्रीनिंग रोगाने, पाण्याने नाही.

उजनीकाठ

सगळे बागेचं बोलताय. जरा खालच्या अंगाला या. इंदापूर.

पुण्याची घाण भीमेवाटे शेवटी उजनीत येते, ही काय आजची गोष्ट नाही. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार, जलपर्णीत होडी अडकते. त्यामुळे पुरंदरवाल्यांनी ते नत्र वरच जिरवलं तर आमचा फायदाच, हे मी मान्य करतो. पण मे महिन्यात नदीत दुसरं पाणी असतं कुठं? तेवढंही तुम्ही उचललं तर आमच्यापर्यंत काय पोचणार? आणि पावसाळ्यात तुमच्या रानातले ते दीड टन क्षार धुऊन आमच्याकडेच येणार ना?

मुठेकाठचा

उजनीकाठ, +१. याचा ताळेबंद कुणीच मांडत नाही. शहर म्हणतं आम्ही पाणी परत दिलं, योजना म्हणते आम्ही शेतीला दिलं, आणि नदीच्या स्वतःच्या वाट्याला किती राहिलं हा रकाना कुठल्याच कागदावर नसतो.

काळी_माती

उजनीकाठ, क्षारांचा मुद्दा खराच आहे, त्याला पळवाट नाही. नत्र झाड खातं, फॉस्फरस आपल्या चुनखडीच्या मातीत अडकून बसतो, म्हणून त्या दोन्हींसाठी बाग हे उजनीपेक्षा बरं ठिकाण. सोडियम आणि क्लोराइड कुणी खात नाही. ते फक्त जागा बदलतात.

आपल्याकडे हा धडा जुना आहे. नीरेच्या कालव्यावर धरणाचं गोडं पाणी देऊनही जमिनी खारवट, पाणथळ झाल्या. त्या प्रश्नांवर काम करायला पाडेगावला १९३२ मध्ये संशोधन केंद्र निघालं. मिरज-शिरोळकडे आज जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढावं लागतंय. गोड्या पाण्याने जे काही दशकांत झालं ते शहराच्या पाण्याने लवकर होईल.

सीताफळ, आता तुमच्यापुरतं सांगतो. एसएआर ५.८ काळ्या तुकड्याला जास्त आहे. तिथे फळबाग नको. लावायचीच असेल तर आधी उतार बघून चर काढा, ओढ्याला निचरा द्या, झाडं उंच गादीवाफ्यावर घ्या. सोडियम हटवायला कॅल्शियम लागतो, पण माती चुनखडीची असेल तर जिप्समच्या गोण्या ओतण्याआधी गंधकाचा विचार करा. तो जमिनीतल्या चुन्यातूनच जिप्सम तयार करतो, पण वेळ घेतो, आणि माती परीक्षणाशिवाय नको. मुरमाड उतारावर सीताफळ बिनदिक्कत लावा.

अंजिराचं कोडं वेगळं. क्षार ते बऱ्यापैकी सोसतं, डाळिंबाच्या पंगतीत बसतं. बोरॉन सोसत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात अंजीर आणि द्राक्ष दोन्ही संवेदनशील गटात आहेत, मर्यादा लिटरला ०.५ ते ०.७५ मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या 'ई' वर्गाच्या दोनच्या मर्यादेत बसणारं पाणीही अंजिराची पानं कडेने करपवू शकतं. आकडा हातात आल्याशिवाय नवं अंजीर लावू नका.

नाशिकद्राक्ष

आणि पुढे बाहेर पाठवायचा विचार असेल तर ग्लोबल गॅपमध्ये (निर्यातीला मागतात ते शेतीचं प्रमाणपत्र) प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सिंचनाला चालतच नाही. प्रक्रिया केलेलं चालतं, पण ते डब्ल्यूएचओच्या निकषात बसतं हे कागदावर दाखवावं लागतं. नदीतून उचललेल्या मिश्रणाचा असा कागद कुणाकडून आणणार? पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. नाव झालंय, आता गिऱ्हाईक पाण्याचंही विचारणार.

सीताफळ_सासवड

सगळ्यांचे आभार. काकांना धागा वाचून दाखवला. विहिरीचं पाणी पावसाळ्यात भरपूर असतं, तेव्हा ते शेततळ्यात भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात योजनेच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळायचं, असं त्यांनीच सुचवलं. चालेल का? आणि बोरॉनसाठी नमुना कसा घ्यायचा?

काळी_माती

काकांची कल्पना उत्तम. एक लक्षात ठेवा, निम्मं मिसळलं म्हणून एसएआर निम्मा होत नाही. ईसी निम्म्याजवळ येतो, पण एसएआर पावसासारख्या गोड्या पाण्यात सुमारे ४.१ पर्यंतच उतरेल, आणि तुमच्या विहिरीत आधीच सोडियम उतरला असेल तर तेवढाही नाही. म्हणून विहिरीचा नमुनाही द्या. सोबत नायट्रेट करून घ्या.

नमुना मे महिन्यात घ्या, नदीत दुसरं पाणी नसतं तेव्हाचा. ड्रीपरच्या तोंडाशी, मोटर थोडा वेळ चालल्यावर, बाटली त्याच पाण्याने विसळून. बाटली प्लास्टिकची हवी. प्रयोगशाळेतल्या काचेत बोरॉन असतो, तो पाण्यात उतरून आकडा फुगवू शकतो. फॉर्मवर 'बोरॉन' स्वतः लिहा, रकाना नसला तरी. आणि दर मे महिन्याला त्याच जागेचा नमुना घेत जा. एका रिपोर्टवरून दिशा कळत नाही.

सीताफळ_सासवड

ठीक. काळ्या तुकड्यात यंदा ज्वारीच. वरती सीताफळ. अंजीर रिपोर्ट आल्यावर. काका अंजिरावरून अजून कुरकुरतायत, रोपांची आगाऊ रक्कम देऊन बसलेत.

उजनीकाठ

रोपं परत घेत असला तर बघा, नाहीतर इकडं पाठवा. आणि मे महिन्याचा रिपोर्ट इथंच टाका, बोरॉनच्या आकड्यासकट. आमच्या केळीवाल्यांनाही दाखवायचाय.